ऑर्डर घेतली जात नाही

मालवणात एका घराच्या पडवीत मी जेवायला जातो, तिथे मेनूकार्ड नाही. खडूने लिहिलेली पाटी आहे, पण तिच्यावर बाराही महिने दोनच शब्द: 'जेवण आसा'. काय आसा, ते ताट समोर आल्यावर कळतं. काकी मालकीण, काकीच आचारी आणि गल्ल्यावरही काकीच. त्यामुळे तक्रार वर न्यायची म्हटली तरी वर पुन्हा त्याच भेटतात.

हल्ली मुंबईत 'फार्म टू टेबल' म्हणून पालेभाजीला एक गोष्ट जोडतात आणि गोष्टीचेही पैसे लावतात. इथे फार्म मागच्या दारी, टेबल पुढच्या पडवीत आणि मधे खुर्ची टाकून बसलेल्या सासूबाई. त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय फणसाची आठळीसुद्धा चुलीपर्यंत पोचत नाही. मसाला त्यांच्याही सासूचा. वैशाखात बेडगी, धणे, बडीशेप, दगडफूल भाजायला घेतलं की सगळी वाडी शिंकते. शिंका कमी पडल्या तर म्हातारी मिरचीवाल्याचा उद्धार करते.

पावसाळ्यात खरी गंमत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, आणि पर्यटक नेमका तेव्हाच सुरमईचा हट्ट घेऊन येतो. एक पाहुणे तर म्हणाले, "बर्फातली असली तरी चालेल." काकी पदर खोचून बाहेर आल्या. "ह्या दिवसांत मासो अंडी घालता. बाळंतिणीच्या दारात जावन कोण जेवण मागता काय?"

पाहुण्यांनी मुकाट्याने टाकळा खाल्ला. टाकळा कोणी पेरत नाही. पहिला पाऊस पडला की कुंपणाकडेला आपणहून उगवतो. कोवळा पाला, कांदा, आठळ्या, वर ओलं खोबरं. आधी त्यांनी नुसत्या आठळ्या वेचल्या, मग भाजीला हात घातला आणि शेवटी आणखी मागितली.

"सोपली," सासूबाई खुर्चीतूनच म्हणाल्या. त्यांचा चेहरा मात्र खुलला होता.

ऑगस्टात सरकारची बंदी उठते, तोवर सासूबाईंची लागलेली असते: श्रावण. मग गणपती. ते गावाला गेले की एकदाचं बांगड्याचं तिरफळ घातलेलं कालवण होतं. ओल्या तिरफळातली काळी बी काढून टाकायची, टरफल जरासं ठेचून उकळत्या कालवणात सोडायचं. ते वासापुरतं, चावलं की जीभ बधिर. नवख्या गिऱ्हाइकाला काकी हे सांगत नाहीत. बधिर जिभेला मीठ कमी-जास्त कळत नाही, हा माझा संशय.

जाणार असाल तर सकाळीच फोन करा आणि किती माणसं ते सांगा. तांदूळ मोजून शिजतात. काय खाणार, ते मात्र सांगू नका.