टिंबवाले गुरुजी

आपलं वाक्य पुरं होईपर्यंत कोणी ऐकून घेत नाही, अशी तक्रार असणाऱ्यांनी पनवेलला लाइन आळीत यावं. आमचे टिंबवाले गुरुजी वाक्य शेवटपर्यंत ऐकतात. त्यांना शेवटच बघायचा असतो. निवृत्त मराठी शिक्षकांत ही जात सर्वत्र आढळते, पण आमचा नमुना अस्सल.

गुरुजी बोलतानाच चिन्हं देतात. विधान केलं की तर्जनीने टेबलावर टिंब. प्रश्न आला की भुवई, मान आणि खांदा मिळून आकडा होतो. उद्गाराला मांडीवर थाप, पण तिच्या बाबतीत ते कमालीचे चिकट. २६ जुलै २००५ चा पाऊसदेखील त्यांनी पूर्णविरामावर भागवला. ‘पाणी घरात आलंय,’ एवढंच म्हणाले. टेबल तरंगत होतं म्हणून टिंब हवेत दिलं.

संध्याकाळी ओटीवर तिसरी-चौथीची पोरं जमतात. फळ्यावर दोनच शब्द: ‘लोकल आली’. पूर्णविराम दिला की नुसती बातमी. प्रश्नचिन्ह दिलं की पुलाच्या जिन्यावर धापा टाकणारा माणूस. आणि उद्गारचिन्ह दिलं की हार्बरवरचा मेगाब्लॉकचा रविवार. मग ‘सरका’ हे आज्ञार्थी. याला उद्गारचिन्ह का नाही, असं एका पोरीनं विचारलं. ‘ज्याचं लोक ऐकतात त्याला ओरडावं लागत नाही,’ गुरुजी म्हणाले. गलका इतका होता की हे त्यांना तीनदा ओरडून सांगावं लागलं.

त्यांचं दैवत मेजर थॉमस कँडी. मोडीच्या कागदांत शब्दसुद्धा सुटे नसत. वाक्य कुठे संपलं ते वाचणाऱ्यानं आपलं आपण ओळखायचं. कँडीसाहेबानं १८५० साली ‘विरामचिन्हांची परिभाषा’ छापली आणि मराठी माणूस थांबायला शिकला, असं गुरुजींचं मत. (पोरांना कँडी म्हणजे खाऊ वाटतो. साहेबाचं नाव निघालं की सगळे सावरून बसतात.) पेशवाईचा एवढा कारभार टिंबावाचून चालला की, असं मी एकदा बोलून पाहिलं.

‘म्हणूनच बुडाली.’ टेबलावर टिंब.

आळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘उद्या पाणी येणार नाही!!!!’ असा निरोप आला, तेव्हा गुरुजींचं उत्तर पहिलं होतं: ‘चारही चिन्हे जादा. हे विधान आहे.’ त्या दिवशी लोक महानगरपालिकेला विसरून गुरुजींवर तापले.

हे सगळं शास्त्र माजघराच्या उंबऱ्यापर्यंत चालतं. परवा वर्ग ऐन रंगात असताना काकू दारात आल्या आणि म्हणाल्या, ‘घरात कोथिंबीर नाही.’

पुढे काही नाही. आवाज चढा नाही, प्रश्न नाही, हुकूम तर नाहीच. गुरुजींनी खडू ठेवला, खुंटीवरची पिशवी घेतली.

‘गुरुजी, हे वाक्य कुठल्या प्रकारचं?’ मघाच्याच पोरीनं वही उघडली.

‘विधानार्थी,’ चपलेत पाय सरकवत गुरुजी म्हणाले.

पोरीनं ‘आज्ञार्थी’ लिहिलं. कोथिंबीर आत देऊन आल्यावर गुरुजींनी वह्या तपासल्या, आणि तिला बरोबरची खूण दिली.