आज आरामात जाऊ, सर

अभिनंदन! तुम्ही गिअरची सायकल घेतलीत, घरी तिची किंमत निम्मी करून सांगितलीत आणि आता रविवारच्या ग्रुप टाइम ट्रायलचं बोलावणंही आलं. टाइम ट्रायल म्हणजे खरं तर घड्याळाशी झुंज. ती ग्रुपनं करायची ठरली की घड्याळ बाजूला राहतं आणि झुंज ग्रुपशीच लागते. रस्ता पुणेकर सायकलवाल्यांच्या पायाखालचा आहे: जुना कात्रज घाट चढून उतरायचा, खेड शिवापूर गाठायचं आणि तिथून सातारा रस्त्यानं कापूरहोळवरून सारोळ्याजवळच्या नीरेच्या पुलापर्यंत. टोलनाका ओलांडला की घड्याळ सुरू, पुलावर बंद. या दोन टोकांच्या मध्ये कमीत कमी कष्टांत जास्तीत जास्त नाव कसं कमवायचं, एवढंच इथे शिकवलं जाईल. तब्येत कमवायची असेल तर कृपया दुसरीकडे चौकशी करावी.

१. आधी सबब पेरा. ‘साडेपाच म्हणजे साडेपाच’ असा मेसेज आदल्या रात्री येतो. तुम्ही पावणेसहाला पोहोचा. तेव्हाही कुणीतरी पंप मारत असेल आणि बाकीचे त्याला हवा किती भरावी यावर सल्ले देत असतील. तेवढ्या वेळात आपलं दुखणं जाहीर करून टाका. झोप झाली नाही, काल लग्नाचं जेवण झालं, पाय भरून आलेत, काहीही चालेल. फक्त दुसऱ्यानं घेतलेला गुडघा आपण घेऊ नये. मग हळूच म्हणा, “आज आरामात जाऊ, सर.” इथे डॉक्टर, बँकवाला, आयटीवाला सगळेच एकमेकांना सर म्हणतात. एवढा आदर दिलेला असला की माणसाला घाटात एकटं सोडून जाताना मन खात नाही. ‘आरामात’ म्हणजे ताशी पस्तीस, हे लिहून ठेवा.

२. थोडं विज्ञान. सपाट रस्त्यावर वेगानं जाताना तुमची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, आणि वेग थोडा वाढवला की ही गरज बेसुमार वाढते. ताशी ३० वरून ४० वर जायचं तर हवेशी झगडायला जवळजवळ २.४ पट ताकद लागते. पण पुढच्याच्या मागच्या चाकाला वीत-दोन वीत अंतरावर चिकटलात, तर पाव ते एक तृतीयांश मेहनत वाचते. म्हणून प्रथा अशी की प्रत्येकानं अर्धा-एक मिनिट पुढे राहून वारा खायचा, मग बाजूला होऊन रांगेच्या शेवटी जाऊन चिकटायचं. या प्रथेचा मनापासून आदर करा. रांगेच्या शेवटून.

३. पाळी चुकवणे. नवख्यांचे हाल होतात ते इथेच, म्हणून जरा सविस्तर. तुमच्यापुढे दोनच जण उरले की बाटली काढा. पाणी पिणाऱ्याला कुणी पुढे ढकलत नाही. दुसऱ्या खेपेला मान वाकवून साखळीकडे चिंतेनं बघा आणि गिअर उगाच दोनदा टाका-काढा, म्हणजे आवाज ऐकू जाईल. तिसरा उपाय सर्वांत खानदानी: “मागे एक जण सुटलाय वाटतं, बघून येतो.” यात माणुसकीही दिसते. बघायचं मात्र नाही, नाहीतर त्याच्यासाठी थांबावं लागेल.

तरी एकदा पाळी घ्यावीच, नाहीतर मिसळीच्या टेबलावर विषय निघतो. त्यासाठी उड्डाणपुलाचा उतार निवडा. जाणते लोक पुढे आल्यावर आहे तोच वेग धरून ठेवतात; तुम्ही ताशी तीन-चारनं वाढवा. तुम्ही आलात हे लोकांना कळायला नको? मागची रांग तुटेल, कुणी ओरडेल. दहा सेकंदांत बाजूला व्हा, मागे वळून मान हलवा आणि “गॅप पडतोय, सर!” असं खेदानं म्हणा.

४. काकांना ओळखा. प्रत्येक ग्रुपमध्ये एक काका असतात. सेवानिवृत्त, सायकल स्टीलची, पायात साधे बूट. काका पाळीबिळी मोजत नाहीत, एकाच वेगानं पुढे चालत राहतात. त्यांच्या मागची जागा ही या खेळातली सर्वांत मोक्याची जागा आहे आणि तिच्यासाठी एरवी सभ्य असलेली माणसं कोपर वापरतात. काकांच्या सायकलला मडगार्ड आहे, ही बाब पावसाळ्यापर्यंत तुमच्या लक्षात येणार नाही. बिनमडगार्डच्या कार्बन सायकलमागे एकदा बसून बघा. रस्त्याचा राडा एका धारेत आधी चष्म्यावर येतो, चष्मा कपाळावर चढवलात की डोळ्यांत, आणि ‘हळू!’ म्हणायला तोंड उघडलंत की दातांत. बाटलीच्या तोंडावरही तोच. त्यात वाटेत गुरं गेलेली असली तर इलेक्ट्रोलाइटची चव बदलते.

५. वाऱ्याची दिशा. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणजे साताऱ्याकडे जाताना उजवीकडून येणारा. अशा वेळी आडोसा पुढच्याच्या थेट मागे नसतो. तो मागे आणि डावीकडे सरकतो. युरोपातले खेळाडू अशा वाऱ्यात रस्ताभर तिरकी रांग लावतात. आपल्याला रस्ताभर कोण देणार? एक, दोन, तीन जण तिरके मावतात, चौथा पांढऱ्या पट्टीवर येतो आणि पाचवा खडीत, जिथे समोरून उलट्या दिशेनं एक मोटरसायकल दुधाच्या किटल्या घेऊन येत असते. पाचवे होऊ नका. याहून जास्त मदत करता येत नाही.

६. खड्डा स्वतः चुकवून झाला की मग “खड्डा!” असं ओरडा. मागच्याला तो तोवर कळलेला असतो, नुसता दुजोरा मिळतो.

७. सामान. १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये शेवटच्या दिवसाच्या टाइम ट्रायलला ग्रेग लेमाँड ५० सेकंद मागे होता. त्यानं हँडलला पुढे आलेले एरोबार लावले, डोक्यावर निमुळतं हेल्मेट चढवलं आणि लोराँ फिन्योंला एकूण ८ सेकंदांनी हरवलं. फिन्यों उघड्या डोक्यानं, पोनीटेल उडवत आला होता. तेव्हापासून जगभरच्या हौशी मंडळींची खात्री आहे की आपला वेग दुकानात मिळतो. तुम्हीही एरोबार घ्या. ते धरले की हात ब्रेकपासून लांब जातात, म्हणून रांगेत लोक तुमच्यापासून चार हात दूर राहतात. मान मिळतोय असं समजा. पोटाचं काय करायचं हे दुकानदार सांगत नाही.

८. सुटलेल्यांविषयी धोरण. १९६० ते १९९२ पर्यंत ऑलिम्पिकमध्ये १०० किलोमीटरची सांघिक टाइम ट्रायल असायची. चौघांचा संघ आणि वेळ तिसऱ्याची धरायची. त्यामुळे जोरात असलेल्यालाही मागच्याला सांभाळून आणणं भाग होतं. आपला ग्रुप याहून पुढारलेला आहे: वेळ पहिल्याची धरतात आणि बाकीचे फोन करून विचारतात, कुठे थांबलात? ‘कुणालाही मागे सोडणार नाही’ हा शब्द दिलेला असतोच, तो मोडू नका. सुटलेल्याची वाट जरूर बघा. हॉटेलात, पंख्याखाली.

९. पूल दिसला की कुणाला न सांगता काकांच्या मागून बाहेर पडा आणि उठून पेडल मारा. काका पाठलाग करत नाहीत. जिंकलात!

१०. मिसळ येईपर्यंत राइड स्ट्राव्हावर चढवा आणि तिला ‘रिकव्हरी राइड’ असं नाव द्या. सरासरी कमी दिसत असेल तर सिग्नल, गुरं आणि वारा यांचा उल्लेख करा. सेगमेंटमध्ये काकांची वेळ शोधू नका. त्यांच्याकडे साधा फोन आहे. काकांनी तर्री नको म्हणून सांगितलं, दुसरा पावही परत पाठवला आणि आता ते दोन्ही बाटल्या भरून घेताहेत, हे मात्र बघून ठेवा. परत जाताना घाट शिंदेवाडीच्या बाजूनं चढायचा आहे.