काळा समुद्र, पांढरा समुद्र आणि निळा फिल्टर

नावं ठेवण्यात आम्हा रत्नागिरीकरांचा हात कोणी धरू नये. पण आमच्या पूर्वजांनी समुद्राला ठेवलेली नावं मात्र अगदी प्रामाणिक. मांडवीची वाळू काळी, म्हणून काळा समुद्र. मिरकरवाड्याच्या त्या अंगाला पांढरी, म्हणून पांढरा समुद्र. विषय संपला. हल्ली मोबाइलवर हे दोन्ही समुद्र मालदीवसारखे निळेशार दिसतात. भाच्याला विचारलं, "मेल्या, ह्यातला काळा कुठला?" म्हणाला, "मामा, फिल्टर एकच आहे."

भाचा शहराचे फोटो 'टाकतो'. (आमच्या लहानपणी फक्त पत्रं आणि कचरा टाकत.) त्याच्या मते खरी कला फोटो काढण्यात नाही, कापण्यात आहे. रत्नदुर्गावरून दीपगृह घ्यायचं, तटाशी पडलेल्या बाटल्या कापायच्या. मिरकरवाड्याच्या होड्यांना तेवढीही मेहनत नको, वास आपोआप कापला जातो. नाक्यावरचा खड्डा मात्र तो कापत नाही. पावसात खड्डा भरला की हा उकिडवा बसतो, मोबाइल उलटा धरतो आणि दुकानांच्या दिव्यांचं प्रतिबिंब टिपतो. खड्डा बुजवला तेव्हा अख्ख्या आळीत हळहळणारा हा एकटाच.

संध्याकाळी थिबा पॉइंटला कठड्याशी पाय ठेवायला जागा नसते. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला पदच्युत करून इंग्रजांनी १८८६ मध्ये इथे आणून ठेवलं. राजवाडा झाला १९१० मध्ये, आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला. म्हणजे तीस वर्षं हा सूर्यास्त बघणं ही त्याची सजा होती. आमची पोरं तीस-तीस किलोमीटरवरून तोच सूर्यास्त बघायला येतात आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहतात, कारण सेल्फीत सूर्य मागेच लागतो. खाली ओळ: 'फीलिंग रॉयल'. खऱ्या रॉयल माणसाला काय वाटत होतं, ते कोणी विचारलं नाही.

राजवाड्याचे फोटो भाच्याकडे ढिगाने आहेत. राजाच्या समाधीचा एकही नाही. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे अध्यक्ष थेन सेन त्या समाधीसाठी एवढ्या लांबून आले. भाच्याला घरून तिथे जायला रिक्षादेखील लागत नाही. "मामा, तिकडे फ्रेम होत नाही," तो म्हणाला, "मागे बिल्डिंगा येतात." टिळक आळीतल्या लोकमान्यांच्या जन्मघराचं नशीब बरं. कौलांमुळे ते 'व्हिंटेज'मध्ये बसतं.

परवा मे महिन्याच्या शेवटी दुपारी आभाळ भरून आलं. भाचा गच्चीवर मोबाइल टेकवून ढगांचा टाइमलॅप्स लावून बसला. खालून ताई ओरडत होती, "अरे, आमसुलं उचल, आमसुलं!" हा मोबाइल हलेल म्हणून जागचा हलला नाही. पाऊस आला. व्हिडिओ झकास झाला, मुंबईहून चुलत्याने विचारलं, "हे केरळ का रे?" चुलत्याचं अर्धं आयुष्य याच गच्चीवर पतंग उडवण्यात गेलं.

व्हिडिओत डाव्या कोपऱ्यात आधी आमसुलांचं सूप दिसत होतं. भाच्याने ते कापलं.