घरच्या घरी, मंत्रालयाच्या दारी

रविवारी सकाळी मध्यमवर्गीय मराठी पुरुषाला कर्तृत्वाची उबळ आली की तो पूर्वी स्कूटर धुवायचा, नाहीतर माळ्यावरचं सामान खाली काढून तेच सामान पुन्हा वर ठेवायचा. हल्ली तो केक करतो. केकही साधा नाही. साधा केक त्याच्या आईनं कुकरची शिट्टी आणि रिंग काढून, तळाला वाळू पसरून केव्हाच करून दाखवलाय आणि त्याबद्दल तिला कुणी टाळ्या दिलेल्या नाहीत. याला हवा कॅरॅमल ॲपल केक, तोही पालथा. टिनच्या तळाशी कॅरॅमल ओतायचं, त्यावर सफरचंदाच्या फोडी गोलाकार रचायच्या, वर केकचं मिश्रण घालून भाजायचं आणि शेवटी पाहुण्यांसमोर एका झटक्यात ताटात उलटा करायचा. पाहुण्यांनी ‘अय्या’ म्हणावं, एवढी माफक अपेक्षा.

स्वयंपाकघरातला विषय स्वयंपाकघरात मिटतो, अशी आपली भाबडी समजूत असते. या केकला ती मान्य नाही.

सफरचंदच घ्या. कृतीत लिहिलेलं असतं ग्रॅनी स्मिथ. फळवाल्याकडे असतं शिमला, काश्मीर आणि ‘साहेब, हे इम्पोर्टेड बघा’. ग्रॅनी स्मिथ म्हणजे हिरवं, कडक, आंबट सफरचंद. एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियातल्या मारिया ॲन स्मिथ या बाईंच्या बागेत ते उगवलं. पाऊण तास भट्टीत राहिलं तरी त्याची फोड ही फोडच राहते. आपल्या गाडीवरचं लालभडक रेड डिलिशियस तेवढ्या वेळात शरणागती पत्करतं आणि केकच्या जागी लापशी निघते. यावर ‘आम्ही स्वदेशीच वापरणार’ असा बाणा दाखवावा, तर तिथेही पंचाईत. हे रेड डिलिशियस मूळचं अमेरिकेतलं. सॅम्युएल स्टोक्स नावाच्या अमेरिकी गृहस्थांनी 1916 मध्ये ते हिमाचलात कोटगढ परिसरात आणून लावलं. स्टोक्स स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले, पुढे सत्यानंद झाले, भारताचेच होऊन गेले. सफरचंदाचा स्वभाव मात्र बदलला नाही.

बरं, थेट अमेरिकेहून आलेलं घ्यावं, तर त्याची कहाणी पोलादापासून सुरू होते. 2018 मध्ये ट्रम्प सरकारनं आयात पोलादावर 25 आणि ॲल्युमिनियमवर 10 टक्के शुल्क बसवलं. भारतानं पुष्कळ सबुरीनं घेतलं आणि जून 2019 मध्ये सव्याज उत्तर दिलं. कशावर? सफरचंदावर, बदामावर आणि अक्रोडावर. त्या दिवशी वाणिज्य मंत्रालयाच्या बैठकीत कुणीतरी याच केकची कृती वाचून दाखवली असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सफरचंदावर मुळात 50 टक्के शुल्क होतं, त्यावर आणखी 20 चढलं. ते जादा 20 उतरायला सप्टेंबर 2023 उजाडलं. तोवर ज्यांनी ज्यांनी ॲल्युमिनियमच्या टिनमध्ये अमेरिकी सफरचंद रचून ओव्हनमध्ये सरकवलं, त्यांनी दोन लोकशाह्यांचं अख्खं भांडण 180 अंशांवर भाजलं.

मग आलं तुर्कस्तान. मे 2025 मध्ये त्यांनी पाकिस्तानची बाजू घेतली म्हणून पुण्याच्या फळव्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदं घेणं बंद केलं. व्यापाऱ्यानं स्वतःचा धंदा बाजूला ठेवून असं काही करावं, हे कौतुकाचंच. पण त्यानंतर प्रत्येक गिऱ्हाईक परराष्ट्र सचिव झालं. फळाचा वास घेण्याऐवजी स्टिकर वाचू लागलं.

“हे कुठलं हो?”

“आपलंच आहे.”

“आपलं म्हणजे?”

“आपल्या गाडीवरचं.”

एवढी मुत्सद्देगिरी आपल्या राजदूतांना जमली तरी पुष्कळ.

आता कॅरॅमल. जाड बुडाच्या पातेल्यात कोरडी साखर घालायची, आच मंद ठेवायची, चमचा लावायचा नाही. 170 अंशांच्या आसपास साखर सोनेरी होते, आणखी जरा पुढे तांबूस, आणि तिथून कडूजहर काळी व्हायला जेमतेम फोन उचलून ‘हां, बोला’ म्हणण्याइतका वेळ लागतो. नेमकी याच वेळी आई स्वयंपाकघरात डोकावते.

“अरे, पाक करपतोय.”

“आई, प्लीज. थर्मामीटर लावलाय.”

आईनं उभ्या आयुष्यात थर्मामीटर लावला तो फक्त तापात. पाण्याच्या वाटीत पाकाचा थेंब टाकायचा, बोटांनी चाचपायचा आणि गोळीबंद झाला की गॅस बंद, एवढंच तिचं यंत्र. संक्रांतीला शेंगदाण्याची चिक्की लाटताना ती हेच करत आली आणि तेव्हा हा मुलगा ‘झाली का गं?’ यापलीकडे चौकशी करत नव्हता. आज तोच तिला समजावतो की साखरेत लिंबाचे दोन थेंब टाकले की ती पुन्हा दाणेदार होत नाही, कारण आम्लानं साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विघटन होतं. गुलाबजामच्या पाकात ती चाळीस वर्षं लिंबू पिळते आहे. पण मुलगा इतका मन लावून सांगत असतो की ती ‘हो का?’ म्हणते. आयांनी या देशातल्या विज्ञानप्रसारासाठी केलेला त्याग कुठेच नोंदलेला नाही.

कॅरॅमलवर अर्थ मंत्रालयाचाही डोळा असतो, हे वाचकांना आठवत असेल. डिसेंबर 2024 मध्ये जैसलमेरच्या वाळवंटात जीएसटी परिषद भरली. देशभरचे अर्थमंत्री जमले आणि तिथे पॉपकॉर्नचा निवाडा झाला. तेव्हाचा हिशेब असा होता: मीठ-मसाला लावलेले सुटे असतील तर 5 टक्के, पाकीटबंद असतील तर 12, आणि कॅरॅमल लावलं की 18, कारण साखर चढली की ते मिठाईच्या पंगतीत जाऊन बसतात. या न्यायानं ताज्या सफरचंदाची फोड करमुक्त आणि निष्पाप. तीच फोड कॅरॅमलमध्ये बुडाली की तिच्या चारित्र्याबद्दल प्रश्न उभे राहतात.

बाकीची कृती ज्यांनी लिहिली, ते लोक थंड हवेत राहतात, हा त्यांचा दोष नव्हे. ‘लोणी खोलीच्या तापमानाला येऊ द्या’, असं ते लिहितात. त्यांची खोली 20 अंशांची. डोंबिवलीतली मे महिन्यातली खोली 34 ची. तिथे लोणी तापमानाला येत नाही, ते पसार होतं. साखरेबरोबर फेटून हवा धरायची ती लोण्यानं, आणि ते तर वाटीत तुपासारखं तरंगतंय. ‘हेवी क्रीम’ लिहिलेलं असतं, त्यात 35 टक्क्यांच्या वर स्निग्धांश. आपल्या किराणावाल्याकडच्या पुड्यात 25. ते तासभर फेटलं तरी ढिम्म हलत नाही. फेटणाऱ्याचा दंड तेवढा भरतो. पावसाळ्यात आणखी मजा. कॅरॅमल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे केकवर रोवलेली साखरेची नाजूक जाळी पाहुणे लिफ्टमधून वर येईपर्यंत ओघळून जाते. ही जाळी मुंबईत जुलै महिन्यात करू नये, असा कायदा व्हायला हरकत नाही. एवीतेवी कायदे होतातच आहेत.

अखेर पालथं घालण्याचा मुहूर्त. ओव्हनमधून काढल्यावर दहाएक मिनिटांत टिन उलटा करायचा असतो. घाई केली तर केक मोडतो, उशीर केला तर कॅरॅमल घट्ट होऊन फोडींसकट टिनला धरून बसतं. पण त्या दहा मिनिटांत खिडकीपाशी उजेड नीट पडत नसतो. मोबाइलचं स्टँड सापडत नसतं. ते सापडतं तेव्हा बॅटरी संपलेली असते. मग टिन उलटा होतो, अर्धा केक ताटात उतरतो, अर्धी सफरचंदं वर टिनमध्येच मुक्काम ठोकतात. ती चमच्यानं खरवडून, केकवर थापून, वरून पिठीसाखर भुरभुरवली जाते. पिठीसाखरेचा शोध झाकपाक करण्यासाठीच लागला असावा. फोटो बऱ्या बाजूनं काढला जातो आणि सोसायटीच्या ग्रुपवर जातो, खाली ओळ: ‘सहज केला’. दुसऱ्याच मिनिटाला प्रश्न येतो, ‘एगलेस आहे का?’ तिसऱ्या मिनिटाला पार्किंगचं भांडण सुरू होतं आणि केक वर सरकून दिसेनासा होतो.

पातेल्याला चिकटलेलं कॅरॅमल पाणी घालून उकळलं की आपोआप सुटतं. ही माहिती कुठल्याच फोटोखाली नसते, कारण ती जिला असते ती त्या वेळी सिंकपाशी उभी असते. शेगडीवरचे डाग, ओट्यावरचा मैदा, तीन वाट्या, दोन चाळण्या आणि थर्मामीटर हेही तिच्याच वाट्याला येतात. पाहुणे निघताना तिलाच सांगतात, “भाग्यवान आहात वहिनी, यांना किती आवड आहे!” वहिनी हसतात. ते हसू ज्याला वाचता येतं, तो पुढच्या रविवारी स्कूटर धुतो.

आणि ज्याला वाचता येत नाही, त्याच्यासाठी सरकारनं सप्टेंबर 2025 मध्ये आपलं मत कळवून ठेवलंय. बेकरीतल्या केकवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिक ओव्हन मात्र 18 टक्क्यांवरच राहिला.