नाईलकाठचा अनुशेष

महाराष्ट्राच्या विकासाचा अनुशेष दांडेकर समितीनं १९८४ साली मोजून दिला. आमच्या घरातल्या सहलींचा अनुशेष मोजायला कोणी समिती नेमली नाही. ते काम आमच्या हिनं एकटीनं केलं, आणि अहवाल माझ्या निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी चहासोबत पटलावर ठेवला. निकषही तिनंच ठरवलेले. शेगाव सहलीत धरायचं नाही. लग्नं धरायची नाहीत. पोरीच्या ॲडमिशनसाठी पुण्याला गेलो होतो ते तर मुळीच नाही. चिखलदरा अर्धा धरायचा, कारण दोन दिवस धुकं होतं आणि भीमकुंडाच्या कठड्याशी उभं राहून मी तिला फक्त पाण्याचा आवाज दाखवला होता.

मी सिंचनाच्या खात्यात आयुष्य काढलं. अनुशेष एकदा कागदावर आला की त्यावर चर्चा करायची असते, तो भरायचा नसतो, एवढं मला ठाऊक. पण हिची शिफारस एकाच ओळीची होती : एकरकमी भरपाई, परदेशात, ऐसपैस, आणि जिथं इतिहास जुना अन् निसर्ग पालटता असेल अशा ठिकाणी.

आता अमरावतीच्या माणसानं साता समुद्रापार जाणं काही नवं नाही. पंजाबराव देशमुख पापळहून निघून विलायतेत शिकून आले. आमच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे खेळाडू १९३६ मध्ये बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आले. पण हे सगळे काही ना काही करायला गेले होते. नुसतं बसायला, तेही पैसे भरून, जायचं म्हटलं की आमच्याकडं घरोघर सभा भरते.

सभा भरली. अकोल्याहून साडभाऊ आले, सोबत मेहुणी. सासूबाई आमच्याकडेच असतात. पोरगी पुण्याहून टीव्हीच्या पडद्यावर होती. तिनं तीन देशांचा तक्ता केला होता : तुर्कस्तान, जॉर्डन, इजिप्त. तुर्कस्तानात कापाडोकियाला पहाटे फुग्यात बसवून डोंगरांवरून फिरवतात, हे ऐकल्यावर सासूबाईंनी "फुटला मंग?" एवढंच विचारलं आणि तो देश गेला. जॉर्डनमध्ये पेट्राला पोचायला खडकातल्या चिंचोळ्या वाटेनं सव्वा किलोमीटर चालावं लागतं. साडभाऊंनी दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवला आणि दुसरा देशही गेला. इजिप्त उरला, कारण तिथं लक्झर ते आस्वान बोटीच्या गच्चीवर बसून राहायचं आणि पाच हजार वर्षांनी आपल्या समोरून जायचं, अशी सोय आहे.

साडभाऊंची अकोल्याला जिनिंग आहे. त्यांच्या मनात इजिप्तची गोडी वेगळीच. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेतला कापूस लँकेशायरला पोचेना, गिरण्या थंडावल्या, तेव्हा विलायतेतल्या व्यापाऱ्यांनी ज्या मुलुखांकडं आशेनं पाहिलं त्यांत नाईलचं खोरं होतं आणि आमचं वऱ्हाडही होतं. दोन्हीकडं भाव चढले. अमरावतीच्या बाजाराच्या नावानं गाठी लिव्हरपूलला विकल्या जायच्या. आमच्या गावाला परदेशवारी आमच्या आधी घडली ती अशी. तिकडं खेदीव इस्माईलनं कापसाच्या भरवशावर कर्जं काढून कैरो सजवलं. इकडं कापसासाठी रुळ टाकले गेले, आणि १८७० मध्ये खामगावच्या फाट्याचं उद्घाटन करायला खुद्द व्हाईसरॉय लॉर्ड मेयो आला. मधल्या काळात, १८६५ ला, अमेरिकेतली लढाई संपली होती आणि भाव जमिनीवर आले होते. इजिप्त कर्जात बुडाला, १८८२ मध्ये इंग्रज तिथं शिरले. वऱ्हाडात त्यांना शिरायची गरजच नव्हती, निजामाच्या कर्जापोटी १८५३ पासून ते आमच्या उरावर होतेच.

हे सगळं मी सांगितलं तेव्हा साडभाऊ थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजे भाऊ, आपला आजा अन् इजिप्तवाल्याचा आजा, दोघंई एकाच अडत्यानं बुडवले." आणि त्यांनी इजिप्तवर शिक्कामोर्तब केलं.

पुढचा टप्पा प्रवास ठरवून देणाऱ्या गृहस्थांचा. ते पुण्याचे, आवाज मधाचा, नाव सांगत नाही. फोन स्पीकरवर ठेवला. साडभाऊंचा पहिलाच प्रश्न : "गिझा पंचेचाळीस पाह्याले भेटन का?" गिझा ४५ हे तिकडच्या लांब धाग्याच्या कापसाचं गाजलेलं वाण. पलीकडून उत्तर आलं, "सर, गिझाला मोठे पिरॅमिड तीनच आहेत. पंचेचाळीस नाहीत." साडभाऊंनी माझ्याकडं असं पाहिलं की माल बघायच्या आधीच आर्द्रता कळावी.

मग पैसे. आकडा त्या गृहस्थांनी दवाखान्यातल्यासारखा हळू सांगितला. साडभाऊंना रुपयातली रक्कम उमगत नाही, ते तिचे क्विंटल करतात. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये धरला तर माणशी साठ क्विंटल. कोरडवाहूचं आठ-दहा एकरांचं पीक, तेही अळी आणि परतीचा पाऊस या दोघांनी दया दाखवली तर. बैठकीत एकदम शांतता पसरली. दारावर गाडी लावून कापूस मोजून घेणाऱ्या माणसाला स्वतःची हौस त्याच काट्यावर चढलेली पाहणं सोपं नसतं. शेवटी मेहुणी म्हणाली, "त्या पैशात कोणी कास्तकाराचं भलं करून राहिलं होतं का तुम्ही? मंग चला ना." हा युक्तिवाद तर्कशास्त्रात कुठं बसतो मला ठाऊक नाही, पण बैठक पुढं सरकली.

वेळेचा घोळ मोठा. इजिप्तला जायचं ते ऑक्टोबर ते मार्च या काळात. नेमका तोच जिनिंगचा हंगाम. साडभाऊ मोकळे होतात मे महिन्यात. पुण्याचे गृहस्थ घाबरून म्हणाले, "मे नको सर, आस्वानला बेचाळीसच्या वर जातं. त्रास होईल."

"बेचाळीस?" साडभाऊ म्हणाले. "मंग स्वेटर घ्या लागन काय जी?"

अकोलेकराला उन्हाची भीती घालू नये. त्याला ऊन हा गावाचा मान वाटतो. देशात आज सगळ्यात जास्त तापमान कुठं, या यादीत अकोला वर दिसला की ती बातमी तिथं पुरस्कारासारखी वाचली जाते. अमरावती खाली राहिली तर गोडीनं फोनही येतो. खरं सांगायचं तर हा अकोलेकर बारा ते पाच उंबरठा ओलांडत नाही. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर लावून, पडदे ओढून तो ज्या शौर्यानं पडून असतो, त्या शौर्याच्या जोरावर सहारा जिंकायची भाषा चाललेली असते. अखेर जिनिंग मुनिमावर सोपवून फेब्रुवारी ठरला. मे महिन्यात जाऊन बेचाळीसमध्ये घाम गाळला असता तर गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती, हेही कारण असावं.

निघायचं कुठून, यावर अमरावती-अकोल्याचं जुनं भांडण उफाळलं. एप्रिल २०२५ पासून आमच्या बेलोऱ्याहून मुंबईचं विमान उडतं. अकोल्याची शिवणीची धावपट्टी जुनी खरी, पण ती लांब व्हायची वाट पाहता पाहता लोकांचे केस आखूड झाले. मी सहज म्हणालो, "तुम्ही अमरावतीला या, इथून विमानानं मुंबई, मुंबईहून थेट कैरो." साडभाऊ या वाराच्या तयारीत होते. "भाऊ, तुमच्या गावाले विमान येते, हे मान्य. पण हावडा मेन लाईनची गाडी येते का? बडनेऱ्याले उतरा लागते. ज्या गावाले जाचं त बाजूच्या गावाले उतरा लागते, त्यानं आमाले कैरो दाखवू नये."

यावर तोडगा म्हणून रस्त्याचा विषय काढला, कारण तो दोन्ही गावांचा सामाईक. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत पंचाहत्तर किलोमीटर सलग डांबरीकरण झालं आणि गिनीजच्या पुस्तकात त्याची नोंद झाली. खुफूच्या पिरॅमिडला वीस वर्षं लागली असं हिरोडोटस लिहितो. साडभाऊंच्या मते यात खुफूचा दोष नाही, त्याच्याकडं पेव्हर नव्हतं. पण या रस्त्याच्या आधीची बरीच वर्षं मूर्तिजापूरपर्यंत कंबर शाबूत ठेवून पोचणं हाच पराक्रम होता, ते मात्र गिनीजवाल्यांना कोणी कळवलं नाही. तेवढ्या काळात एखादा छोटा पिरॅमिड सहज उठला असता.

ऐसपैसपणाबद्दल प्रत्येकाची कल्पना निराळी निघाली. पोरीला दहाबिया हवी होती. दहाबिया म्हणजे शिडाची बोट, मोजक्या खोल्यांची, मोठ्या क्रूझसारखी गर्दी नाही. साडभाऊंना लिफ्ट हवी होती, शक्य असेल तर थडग्यांतसुद्धा. मेहुणीला आस्वानच्या त्या १८९९ च्या जुन्या हॉटेलात चहा घ्यायचा होता जिथं अगाथा ख्रिस्ती राहून गेली. मी काहीच मागितलं नाही, कारण माझ्या वाट्याला बॅगा येणार हे मला दिसत होतं. आमची ही म्हणाली, "सकाळी उठल्यावर आज भाजी कायची करू, हे मले कोणी विचारू नये अन् म्याई कोणाले विचारू नये. बस. बाकी खोली कशीई असो." पुण्याच्या गृहस्थांनी हे ऐकून 'ऑल इन्क्लुझिव्ह' असं काहीतरी लिहून घेतलं.

जेवणाचं मात्र मी बारकाईनं पाहिलं होतं. इजिप्तचं कोशरी म्हणजे तांदूळ, मसूर, मॅकरोनी, हरभरे, वर तळलेला कांदा आणि टोमॅटोचा झणका. संपूर्ण शाकाहारी. बाबा गनूश म्हणजे वांगी भाजून, तिळाची चटणी घालून केलेलं भरीत. तामिया म्हणजे बाकल्याच्या डाळीचे वडे. तो आमच्या गिल्या वड्याचा दूरचा भाऊ शोभेल, फक्त दह्यात पडायचा राहिलेला. हे मी उत्साहानं सांगत होतो आणि सासूबाई तेवढ्याच उत्साहानं बॅगेत ठेचा, मुगवड्या, खारोड्या आणि ज्वारीचं पीठ भरायची यादी लिहवून घेत होत्या. भरिताशेजारी कांद्याची पात नसेल तर ते लोक भरीत खातात कशाला, असा त्यांचा प्रामाणिक प्रश्न. आमच्या भागातले सगळ्यात मोठे प्रवासी गाडगेबाबा. हातात खराटा, डोक्यावर गाडगं, एवढ्या सामानात उभा महाराष्ट्र पालथा घातला. त्यांच्याच मुलखातले आम्ही माणशी तेवीस किलोच्या मर्यादेवर घासाघीस करत होतो.

सासूबाई स्वतः मात्र येणार नव्हत्या. यादी दुसऱ्यांसाठी होती.

शेवटचा विषय अबू सिंबेल. पोरीनं पडद्यावर चित्र लावलं : डोंगराच्या अंगात कोरलेले दुसऱ्या रामसेसचे चार पुतळे, प्रत्येक वीस मीटर उंच. २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरच्या आसपास सूर्याचा किरण थेट गाभाऱ्यात शिरतो, म्हणून तारीख तीच धरायची असा तिचा हट्ट. इथं माझं खातं आलं. आस्वानचं मोठं धरण १९६० मध्ये सुरू झालं तेव्हा हे देऊळ बुडीत क्षेत्रात जाणार होतं. मग युनेस्कोनं हाक दिली, देशोदेशींचा पैसा आला, १९६४ ते १९६८ या काळात डोंगर आणि देऊळ करवतीनं कापून हजारावर तुकडे केले, आणि पासष्ट मीटर वर, दोनशे मीटर मागं नेऊन जसंच्या तसं जोडलं. मी भारावून म्हणालो, "चार वर्षांत! जगातला हा एकच प्रकल्पग्रस्त असा की ज्याचं पुनर्वसन वेळेत झालं."

सासूबाईंचं माहेर अप्पर वर्धा धरणात गेलं. नलदमयंती सागर म्हणून लोक ज्याच्या काठी फोटो काढतात, त्याच्या तळाशी कुठंतरी त्यांची विहीर आहे. इतका वेळ त्या यादीत होत्या. आता चष्मा वर करून पडद्याकडं पाहू लागल्या.

"देव वर नेला?"

"राजा होता आई. पण देवासारखाच."

"अन् माणसं?"

मला उत्तर येत होतं, म्हणूनच ते जड गेलं. पुतळे हलवायला जगातून इंजिनिअर आले. नूबियातली इजिप्तच्या बाजूची सुमारे पन्नास हजार माणसं १९६३-६४ मध्ये गाड्या-बोटींत घालून कोम ओम्बोकडं नेऊन वसवली. नदीकाठची माणसं नदीपासून लांब. परत जाऊ द्या, म्हणून त्यांची मागणी अजून चालू आहे. हे सांगताना माझा आवाज नकळत सुनावणीच्या वेळेसारखा झाला.

"प्लॉट भेटले का त्याईले?"

"घरं दिली म्हणतात."

"घरं आमालेई देल्ली होती," सासूबाई म्हणाल्या. थोडा वेळ गेला. मग यादीचा कागद हिच्याकडून मागून घेतला. "पीठ दोन किलो जास्ती घ्या. मी येतो. मले त्याईच्या इथं जाचं हाय."

पोरगी पडद्यावरून टाळ्या वाजवू लागली. साडभाऊ खुर्चीवर सरसावून बसले. मी पुण्याला फोन लावला आणि विचारलं, नूबियन लोकांच्या गावी नेता का.

"नेतो ना!" गृहस्थ खुलले. "ऑप्शनलमध्ये आहे, आस्वानजवळच. उंटावरून जायचं. रंगीत घरं असतात, चहा देतात, आणि आजींना खास आवडेल, घराघरात मगरी पाळलेल्या असतात. हातात धरून फोटो काढता येतो."

मी स्पीकरवर हात ठेवला, पण सासूबाईंनी ऐकलं होतं.

"मगरी?" त्या म्हणाल्या. "बरं झालं माय. धरणातलं काई त त्याईच्या हाती लागलं."