आधी डॉक्टर, मग खिडकी

"काकू, काल रात्री तुमच्याकडे गाडीची लगबग कसली होती?"

"अगं, आमच्या भाऊजींच्या छातीत कळ आली. नेलं मोठ्या रुग्णालयात. काउंटरवरचा पोरगा मानही वर न करता म्हणतो, पन्नास हजार डिपॉझिट भरा, मग फाइल होईल. भाऊजी स्ट्रेचरवर घामाघूम आणि जाऊबाई पर्समध्ये कार्ड शोधतायत!"

"अगं बाई! मग?"

"आमचा मंदार वकिलीला ना, तो थेट कॅज्युअल्टीत घुसला. म्हणाला, डॉक्टर, पेशंट आधी बघा; बघणार नसाल तर तसं लिहून द्या. लिहून द्या म्हटलं की माणसं कशी तरतरीत होतात! लगेच ईसीजी. आता बरे आहेत, चहात साखर कमी म्हणून कुरकुरतायत."

"पण खरंच कायदा आहे, की मंदारचा रुबाब?"

"आहे गं. १९८९ सालीच परमानंद कटारा खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, डॉक्टर सरकारी असो की खासगी, जीव आधी, पोलिसांचे सोपस्कार मागाहून. आपल्या महाराष्ट्रात २०२१ मध्ये नर्सिंग होमचे नियम सुधारले. तातडीच्या पेशंटला जीव वाचवण्यापुरते उपचार द्यायचेच. बिलापायी मृतदेह अडवायचा नाही, हेही त्यातच."

"मग पुण्यात त्या गरोदर बाईचं कसं झालं? रुग्णालयानं आधी दहा लाख अनामत मागितली म्हणे."

"घरच्यांचा आरोप तोच होता. जुळ्या मुली झाल्या दुसऱ्या रुग्णालयात आणि ती बिचारी गेली. गदारोळ उठल्यावर त्या पहिल्या रुग्णालयानं जाहीर केलं, तातडीच्या पेशंटकडून अनामत घेणार नाही. निकाल १९८९ चा आणि घोषणा २०२५ ची! आणि ते धर्मादाय, बरं का."

"म्हणजे तिथे सगळं फुकट?"

"छे गं. धर्मादाय रुग्णालयात दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. मोफतला वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत लागतं. बाकीच्यांना बिल येतंच. कायदा एवढंच म्हणतो, पेशंट आधी सावरा, हिशेब मग करा."

"पण काकू, रुग्णालयांचीही पंचाईत होते. लोक बिल बुडवून पळतात की."

"पळतात, नाही कशाला म्हणू? पण त्याची वसुली धडधडत्या छातीसमोर नको. कोर्ट आहे, नोटिसा आहेत. आणि तो काउंटरवरचा पोरगाही हुकमाचा ताबेदार, त्याच्यावर ओरडून फायदा नाही."

"मी काय करून ठेवू?"

"रेशनकार्ड नि तहसीलदाराच्या उत्पन्नाच्या दाखल्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेव. आणि वेळ आलीच तर पैशांच्या खिडकीपाशी एकानंच थांबायचं, दुसऱ्यानं पेशंटबरोबर आत जाऊन डॉक्टरला गाठायचं."