गूगलभाऊ, रामराम घ्या!

प्रति,
गूगलभाऊ,
मु. माउंटन व्ह्यू, कॅलिफोर्निया.

विषय : सोयरीक आटोपती घेण्याबाबत.

भाऊ, रामराम.

इकडे अमरावती-अकोल्याकडे सर्व क्षेम. अर्थात तुम्हांला कळवायची गरज नाही. बडनेऱ्याहून कोण कधी निघालं, मूर्तिजापूरला चहाला किती वेळ टेकलं, अकोल्यात कोणत्या गल्लीत शिरलं, हे घरच्यांच्या आधी तुम्हांला ठाऊक.

तुमचे उपकार थोर. २००४ साली एक जीबीची टपालपेटी फुकट दिलीत. २०१७ साली 'तेझ' दिलंत, तेच पुढे 'गूगल पे' झालं. आज पानठेल्यावरही 'गूगल पे मारा' ऐकू येतं. लग्न, बारसं, हुरडा, संत्र्याचा बहार, हवे तितके फोटो ठेवून घेतलेत. अख्खं वऱ्हाड तुमच्याकडे जमा झालं, तेव्हा १ जून २०२१ पासून मोजमाप सुरू केलंत. आता सगळं मिळून १५ जीबी. भरली की मेल येणं बंद, नाहीतर भाडं भरा. आधी फुकटाची सवय, मग दर! आमच्या कापसाच्या व्यापाऱ्यांनाही हे जमलं नाही.

म्हणजे प्रकार जुनाच. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर 'शकुंतला' रेल्वे एका इंग्रज कंपनीने टाकली, ती वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला न्यायला. कापूस आमचा, नफा त्यांचा. स्वातंत्र्य आलं तरी रुळांची मालकी कंपनीकडेच. आता कापसाच्या जागी आमची माहिती जाते. तिच्या गाठीही बांधाव्या लागत नाहीत.

तेव्हा आम्ही सामान आवरून राहिलो. तुमच्याच 'टेकआउट'मधून मेल-फोटो उतरवले. मेलचा नवा पत्ता झोहोवर काढला. केंद्र सरकारचं टपालही तिकडेच गेलं, ऑक्टोबर २०२५ मध्ये अमित शहाही गेले. नकाशाला मॅपल्स. पैशाचं तर सर्वांत सोपं : यूपीआय तुमचं नाहीच, एनपीसीआयचं, पानठेल्यावरचा तोच क्यूआर 'भीम'वरूनही चालतो. मेलचं मात्र जड गेलं. २०२२ साली अमरावती-अकोला महामार्गाचा ७५ किलोमीटरचा पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून गिनीजमध्ये गेला. बँक, पॅन, विमा, गॅस असा एकेका ठिकाणी पत्ता बदलायला त्याहून जास्त वेळ लागतो.

आणि ही नवी अ‍ॅपं घेतली कुठून? तुमच्याच प्ले स्टोअरमधून, तुमच्याच अँड्रॉइडवर. याच वर्चस्वाच्या गैरवापराबद्दल स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये तुम्हांला १,३३७.७६ कोटींचा दंड ठोठावला. दंड झाला, दुकान मात्र जागच्या जागीच आहे. त्यामुळे अधूनमधून भेट होईलच, राग नसावा.

आपला,
एक माजी (होऊ घातलेला) वऱ्हाडी ग्राहक

ता. क. : हे पत्र तुमच्या आधी गाववाले वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी दोन शब्द. बापहो, एका दिवसात सगळं सोडू नका. आधी बँकेला नवा पत्ता कळवा, जुनी पेटी वर्षभर चालू ठेवा, आणि फोटोंची एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर असू द्या.